खोली पडून बघावी

गेल्या महिन्यातल्या पत्रांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळी सोंगं घेऊन आलाय. दोन-तीन रात्रींसाठी एखाद्या शहरात जायचंय, राहायची जागा जरा देखणी हवी, पण फसायचं नाही. म्हणून या वेळी सगळी पत्रं त्याच विषयाची घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी हॉटेलांत हाउसकीपिंगमध्ये १९ वर्षं काढली. आधी खोल्या लावायचे, मग इतरांनी लावलेल्या तपासायचे. त्यामुळे माझी मतं फडक्या-बादलीच्या बाजूनं येतात. सजावटकारांना ती पटतीलच असं नाही.

प्रश्न : लग्नाला १० वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं मुलांना आजीकडे ठेवून दोन रात्री एका शहरात राहणार आहोत. तीन हॉटेलं काढून ठेवली आहेत. एक शंभर वर्षं जुन्या इमारतीतलं, एक नवंकोरं बूटिक हॉटेल (त्याचे फोटो जीव घेतात) आणि एक मोठ्या साखळीतलं चार तारांकित. भाव जवळपास सारखेच. फोटो बघून बघून आता तिन्ही एकसारखी दिसायला लागली आहेत. कसं ठरवायचं?
— गोंधळलेली

आधी तास मोजू या. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी ३ ला मिळते आणि सकाळी ११ ला सोडावी लागते. म्हणजे दोन रात्रींचे पैसे भरून तुमच्या हाती येतात ४४ तास. त्यातले १६ झोपेचे. शहरासाठी आला आहात, तर १७-१८ तास बाहेर. उरतात दहाएक तास, जेव्हा तुम्ही त्या खोलीत जागे असाल. आणि त्यातलेही बरेचसे पलंगावर लोळत जाणार, कारण घरी मुलं लोळू देत नाहीत.

आता फोटो बघा. ते सगळे उभ्यानं काढलेले असतात. दारातून नाही तर कोपऱ्यातून.

मी कामाला लागले तेव्हा आमच्या मुख्य बाई खोली तपासायला यायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "खोली झाली?" मी म्हटलं, "झाली." त्या म्हणाल्या, "मग पड." मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी पलंगाकडे बोट दाखवलं. बूट काढून मी आडवी झाले आणि पाहते तर काय, डोक्यावरच्या दिव्याचा बल्ब थेट डोळ्यांत. टेबललॅम्पच्या टोपीच्या आतल्या बाजूला कोळ्याचं जाळं. एसीचा झोत बरोबर कपाळावर. हे सगळं उभ्यानं दिसतच नव्हतं. "पाहुणा खोली अशी बघतो," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. त्यानंतर मी हजारो खोल्या पडून पाहिल्या.

तुम्हाला हेच फोटोवरून करायचंय. उशीजवळचा फोटो शोधा. हॉटेलच्या संकेतस्थळावर नसेल तर पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंत मिळतो. दोन्ही बाजूंना वेगळा दिवा आहे का? एक वाचत असेल तर दुसऱ्याला झोपता येईल असा? बटण पडल्यापडल्या हाताला लागेल असं आहे का? फोन लावायची जागा उशाशी आहे की टेबलाखाली? पाण्याचा ग्लास आणि चष्मा ठेवण्याइतका सपाट कठडा तरी आहे का? देखण्या म्हणवणाऱ्या कितीतरी खोल्या इथेच नापास होतात. छतातून दोरीनं लोंबणारा सुंदर बल्ब असतो आणि त्याचं बटण दाराशी. मग रोज रात्री दोघांत कोण उठणार यावरून वाद.

दुसरं, खोलीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं, ते वाचाच. हॉटेलांचे फोटो रुंद भिंगानं काढतात, त्यात खोली फुगते. पकडायचं कसं? फोटोच्या कडेला एखादं गोल स्टूल किंवा लॅम्प असेल आणि तो लांबट, ओढल्यासारखा दिसत असेल, तर भिंग रुंद आहे. १४ चौरस मीटरची खोली म्हणजे त्यातले साडेतीन-चार बाथरूमला, साधारण सव्वातीन पलंगाला. बाकीच्या जागेत दोन माणसं आणि दोन उघड्या बॅगा. दोघांना मोकळं वाटायला २० च्या पुढे हवं. एकट्याला १४ पुष्कळ झाले.

देखणेपणाबद्दल माझं म्हणणं एवढंच, की कुणीतरी त्या खोलीत तुम्ही कसे वावराल याचा विचार केलाय का, ते बघायचं. कोपनहेगनमध्ये १९६० साली उघडलेलं एसएएस रॉयल हॉटेल याचं टोक आहे. आर्ने याकोबसेन या वास्तुविशारदानं इमारतीपासून खुर्च्या, पडदे, दाराच्या मुठी आणि काट्या-चमच्यांपर्यंत सगळं स्वतः आखलं. त्याची ती प्रसिद्ध एग चेअर याच हॉटेलसाठी तयार झाली. नंतर बाकीच्या खोल्या बदलत गेल्या, पण ६०६ क्रमांकाची खोली मूळ रूपात जपून ठेवली आहे. तिची छायाचित्रं शोधून बघा. डोळे दिपवणारं तिथे फारसं काही नाही. हात जिथे जाईल तिथे मात्र वस्तू आहे.

आता तुमची तीन हॉटेलं. साखळीतल्या हॉटेलाचे चार तारे बघून हुरळू नका आणि नाकही मुरडू नका. तारे सोयी मोजतात, रुची मोजत नाहीत. युरोपातल्या बऱ्याच देशांनी २००९ पासून हॉटेलस्टार्स युनियन नावाची सामायिक पद्धत लावली, तिच्यात गुणांची भली मोठी यादी आहे. रिसेप्शन किती तास उघडं, खोलीत काय काय मिळतं, असा सगळा हिशोब. भिंतीचा रंग मळमळ आणणारा असला तरी तारा कमी होत नाही. शिवाय एका देशातले चार तारे दुसऱ्या देशातल्या चारांसारखे असतीलच असं नाही.

'बूटिक' या शब्दाचाही नेमका अर्थ कुणी विचारत नाही. तो हॉटेलांना चिकटला १९८० च्या दशकात. इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन्स नावाचं हॉटेल काढलं. बाकीची हॉटेलं म्हणजे सगळं विकणारी मोठी दुकानं आणि आपलं म्हणजे छोटं, निवडक बूटिक, अशी रुबेलची तुलना होती. आतलं काम आंद्रे प्युतमान या फ्रेंच बाईंकडे दिलं. पैसे फार नव्हते, म्हणून बाथरूमला त्यांनी स्वस्तातल्या काळ्यापांढऱ्या टाइल्स बुद्धिबळाच्या पटासारख्या लावल्या. त्याच टाइल्स पुढे हॉटेलची ओळख झाल्या. दाराबाहेर नावाची पाटीसुद्धा नव्हती. ते हॉटेल २०१७ मध्ये बंद झालं, शब्द मात्र उरला, आणि आता आठ खोल्या आणि एक रंगीत खुर्ची असली की कुणीही तो लावतं. तेव्हा तुमच्या बूटिक हॉटेलच्या बाबतीत मी खोल्या किती आणि माणसं किती, हे विचारीन. रात्री ११ नंतर रिसेप्शनला कुणी असतं की दार उघडायचा आकडा (कोड) फोनवर पाठवतात? गाडी उशिरा पोचली आणि तो आकडा चालला नाही, तर तिथली रंगीत खुर्ची रस्त्यावरून काचेतून बघत बसावं लागेल.

जुन्या इमारतीला मी नेहमी झुकतं माप देते, हे आधीच कबूल करते. भिंती जाड, छत उंच, खिडकीत बसता येईल एवढा कट्टा. ही ऐट नव्या बांधकामात विकत घेता येत नाही. स्पेननं हे फार लवकर ओळखलं. तिथे १९२८ पासून सरकारी 'पारादोर' हॉटेलं आहेत आणि त्यातली कितीतरी जुन्या किल्ल्यांत, मठांत वसवलेली आहेत. पण जुन्या इमारतीत एकाच भावाच्या दोन खोल्या बहिणी-बहिणीही नसतात. एक प्रशस्त, दुसरी माळ्यावरची, उतरत्या छताला डोकं आपटणारी. लिफ्ट असेलच असं नाही, असली तर अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते. त्यामुळे हॉटेलला थेट पत्र लिहा, ही आमची खास सहल आहे म्हणून सांगा आणि विचारा, "या प्रकारातली तुमची स्वतःची आवडती खोली कुठली?" खोलीचा क्रमांक सांगून उत्तर आलं तर डोळे मिटून ते हॉटेल घ्या. "सर्व खोल्या उत्कृष्ट आहेत" असं आलं तर साखळीतलं बरं.

प्रश्न : मी माझ्या ६८ वर्षांच्या आईला घेऊन तीन दिवस जाणार आहे. एक फार सुंदर हॉटेल आवडलं, पण फोटोत खोली आणि बाथरूम यांच्यामध्ये नुसती काच दिसते. आई म्हणते, मी त्यापेक्षा घरी बरी. हे असं का करतात?
— मधल्यामध्ये अडकलेली मुलगी

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं बरोबर आहे.

असं का करतात याची दोन खरी कारणं आहेत. बाथरूम बहुधा खोलीच्या आतल्या अंगाला, दाराजवळ असतं, त्याला खिडकी मिळत नाही. काच लावली की खोलीच्या खिडकीचा उजेड तिथवर पोचतो. आणि भिंत दिसत नाही म्हणून लहान खोली मोठी वाटते. तिसरं कारण कुणी बोलत नाही, ते म्हणजे फोटो छान येतो. या सगळ्यात दोन माणसं एकत्र प्रवास करतात आणि ती नेहमी नवविवाहित नसतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मीही यात सापडलेय. एका हॉटेलात मी आणि माझी मावसबहीण उतरलो होतो. पलंगासमोर काच, काचेमागे शॉवर आणि शेजारी कमोड. पडदा नावाला नाही. मग आम्ही पाळ्या लावल्या. एकीला आत जायचं असलं की दुसरी खाली लॉबीत. दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलानं मला काळजीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कुणाची वाट बघताय का? सकाळपासून तिसऱ्यांदा बसलाय."

काच असली म्हणून ते हॉटेल लगेच खोडू नका. कधी काचेच्या आत पडदा असतो, तो फोटोसाठी सरकवलेला असतो. कधी काच बटणावर दुधी होते. या काचेची एक गंमत सांगते, वीज वाहत असते तेव्हा ती पारदर्शक असते आणि वीज बंद झाली की दुधी. म्हणजे मध्येच वीज गेली तरी अब्रू शाबूत. पण तुमच्या हॉटेलात यातलं काय आहे ते लिहून विचारा, आणि प्रश्न नेमका विचारा: "कमोडच्या खोलीला पूर्ण बंद होणारं, वरपासून खालपर्यंतचं दार आहे का?" 'प्रायव्हसी आहे का' असं विचारलंत तर उत्तर 'हो'च येणार. रुळावर सरकणारं लाकडी दार असेल तर तेही नको. ते दिसतं झकास, पण चारी बाजूंनी फट राहते आणि आवाज सगळा बाहेर येतो.

आई बरोबर आहेत म्हणून आणखी दोन गोष्टी. बुकिंग करताना 'डबल' आणि 'ट्विन' यात चुकू नका. डबल म्हणजे एक मोठा पलंग, ट्विन म्हणजे दोन वेगळे. काही हॉटेलं ट्विन म्हणून दोन पलंग चिकटवून वर एकच चादर घालतात, तेव्हा "मध्ये अंतर ठेवून" असं स्पष्ट लिहा. आम्हाला ते पाच मिनिटांचं काम असायचं, पण पाहुणा रात्री १० ला सांगायचा तेव्हा पाळीवर माणूस नसायचा. आणि शॉवर बाथटबच्या आत आहे का ते बघा. टबची कड गुडघ्याच्या वर येते, ओल्या पायानं ती ओलांडणं आपल्यालाही जड जातं. जमिनीलगतचा, पायरी नसलेला शॉवर मागा आणि भिंतीला धरायला दांडी आहे का तेही विचारा.

प्रश्न : मागे एकदा तुम्ही लिहिलं होतं, रस्त्याकडची खोली घेऊ नका, मागच्या बाजूची मागून घ्या. मी ऐकलं. मागच्या बाजूला हॉटेलच्याच स्वयंपाकघराचा मोठा पंखा होता, तो रात्री साडेबारापर्यंत चालू. पहाटे ५ ला रिकाम्या बाटल्यांचे क्रेट उचलायला ट्रक. पुढच्या खोलीतल्या लोकांनी म्हणे सुखानं झोप काढली. तुमच्या सल्ल्याचं काय करू?
— जागा राहिलेला

माझी चूक. मला नुसतं 'मागची' असं लिहायला नको होतं. हॉटेलचं पोट मागच्या बाजूला असतं हे इतरांना ठाऊक नसलं तरी मला ठाऊक आहे, मी १९ वर्षं त्याच दारानं आत गेले.

सुधारून सांगते. खोलीच्या खाली, वर आणि भिंतीपलीकडे काय आहे, हे विचारायचं. खाली स्वयंपाकघर किंवा बार नको. वर गच्चीवरचा बार किंवा व्यायामशाळा नको, पहाटे वजनं आपटतात. भिंतीपलीकडे लिफ्ट नको. आणि शेजारच्या खोलीत उघडणारं जोडदार नको, कुलूप असलं तरी त्यातून कुजबूजही ऐकू येते. कुटुंबांसाठी केलेल्या त्या खोल्या एकेका पाहुण्याला सर्रास देतात, आणि "जोडदार नसलेली द्या" म्हटलं की बहुतेक वेळा बदलून मिळतात, कारण तसं म्हणणारे फार कमी असतात.

सर्वांत शांत खोली बरेचदा मधल्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला असते. तिथे येणारी-जाणारी पावलं थांबतात. अंगणाभोवती बांधलेली घरं असतात, मोरोक्कोतल्या रियादसारखी, तिथे गणित उलटं. खिडक्या आत, अंगणाकडे. बाहेरच्या गल्लीचा आवाज येत नाही, पण अंगणात कुणी सकाळी ७ ला नाश्त्याला बसलं की त्यांच्या गप्पा तुमच्या उशाशी.

तुमच्या पंख्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली झोपायच्या खोलीसाठी सलग आवाजाची मर्यादा ३० डेसिबल सुचवली होती. म्हणजे जवळजवळ कुजबुजीइतकी. स्वयंपाकघराचा पंखा खिडकीखाली असेल तर तिथवर येणं कठीणच. त्यात पहिल्या रात्री झोप आधीच कच्ची असते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याहून जास्त सावध राहतो, वेगळा आवाज झाला की तो पटकन जागं करतो. पाळीवर असताना हे आम्ही न शिकता जाणत होतो. खोली बदलून द्या म्हणणारे फोन नेहमी पहिल्या रात्रीचे. दोनच रात्रींची सहल असेल तर तुमच्या निम्म्या झोपेवर या पहिल्या रात्रीचा हक्क आहे, म्हणून शांततेसाठी भांडायचं ते बॅग उघडायच्या आधी. बॅग उघडली की माणूस आळसावतो आणि म्हणतो, जाऊ दे.

पडद्यांत फट राहून पहाटेचा उजेड डोळ्यांवर येत असेल तर कपाटातला चिमटे असलेला हँगर घ्या आणि दोन्ही पडदे त्यानं एकत्र धरा. ही आमच्यातली जुनी युक्ती.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते, बजेट बेताचं. एक रात्र साध्या ठिकाणी आणि एक रात्र झकास हॉटेलात, असं केलं तर दोन्ही साधेल ना?
— हौस मोठी

कागदावर साधतं. प्रत्यक्षात ११ ला एक खोली सुटते आणि दुसरी ३ ला मिळते. मधले चार तास तुम्ही आणि तुमची बॅग. सामान ठेवून घेतात हो, पण मग ठेवायला जा, आणायला जा. दोन दिवसांच्या सहलीत एक अख्खी दुपार यात जाते. आणि मघाशी सांगितलं तसं, दोन्ही रात्री 'पहिल्या' होतात.

त्यापेक्षा आवडलेल्या हॉटेलातली सर्वांत लहान खोली दोन्ही रात्री घ्या. तीच लॉबी, तीच गच्ची, तोच नाश्ता, तेच नळ. मोठ्या खोलीचे जादा पैसे भरणाऱ्यांना वेगळं कमी मिळतं, बहुतेक नुसती जास्तीची फरशी. एकट्याला चांगली आखलेली लहान खोली उलट सुखाची असते. किशो कुरोकावा या वास्तुविशारदानं १९७९ साली ओसाकात पहिलं कॅप्सूल हॉटेल आखलं, त्यात माणूस निजेल आणि उठून बसेल एवढीच पेटी, पण दिवा, घड्याळ, रेडिओ हाताशी. तुम्ही पेटीत राहा असं मी म्हणत नाही. मला पाय हलवायला लागतात. पण लहान म्हणजे गैरसोयीचं नव्हे, एवढं त्यातून दिसतं.

वार बदलून बघा. जी शहरं कामकाजाची आहेत, तिथली चांगली हॉटेलं शुक्रवार ते रविवार ओस पडतात आणि भाव उतरतात. पर्यटकांच्या शहरांत नेमकं उलटं, तिथे सोमवार ते बुधवार. रविवारची रात्र दोन्हीकडे बरेचदा स्वस्त निघते. बुकिंगच्या संकेतस्थळावर भाव पाहून झाला की हॉटेलला थेट फोन करा. भाव नाही उतरला तरी खोली निवडून मिळण्याची शक्यता वाढते, कारण मधल्या कमिशनशिवाय आलेला पाहुणा हॉटेलला आवडतो. फुकट रद्द करायची मुदत पाहून ठेवा, ती हॉटेलच्या गावच्या घड्याळानं असते, तुमच्या नव्हे.

इटलीत एक प्रकार आहे, 'अल्बेर्गो दिफ्फूझो', म्हणजे पसरलेलं हॉटेल. १९७६ च्या भूकंपानंतर फ्रिउली भागातली ओस घरं पुन्हा वापरात आणायच्या खटपटीतून ही कल्पना निघाली. रिसेप्शन एका घरात, खोल्या गल्लीबोळांतल्या दुसऱ्या घरांत. एकटीला असं काही आवडलं तर दिवसा पोचा. फरसबंदी गल्लीत चाकांची बॅग ओढत अंधारात घर शोधणं ही हौस नव्हे.

प्रश्न : पलंगावर सात-आठ रंगीत उशा, पायथ्याशी मखमली पट्टा. देखणं दिसतं. पण ते धुतात का हो?
— शंकेखोर

चादर आणि अभ्रे प्रत्येक पाहुण्यामागे बदलतात. मी जिथे जिथे होते तिथे त्या शोभेच्या उशा आणि तो पट्टा मात्र डाग पडला तरच खाली जायचा. कारण सरळ आहे. एका पाळीत १४-१५ खोल्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या होणाऱ्या. प्रत्येक खोलीतल्या आठ उशांचे अभ्रे काढत बसलं तर रात्र होईल. मी स्वतः आत शिरल्याबरोबर सगळं उचलून कपाटात टाकते.

तुमच्या पत्रावरून आठवलं. फोटोत काळे मॅट नळ, काळी फरशी, काचेचं बेसिन असं दिसलं की मी हॉटेल किती जुनं ते बघते. नवं असेल तर ठीक. तीन-चार वर्षांचं असेल तर पाहुण्यांचे ताजे फोटो मोठे करून नळाच्या बुडाशी बघा. काळ्या नळावर पाण्याचे पांढरे डाग बसतात आणि ते घासले तर रंग जातो. तो नळ निवडणारा माणूस तो पुसायला कधीच येत नाही. चार वर्षांनीही तिथे स्वच्छ काळं दिसलं, तर त्या हॉटेलात माणसं पुरेशी आहेत आणि टिकूनही आहेत. तिथे बेलाशक जा.

प्रश्न : आमच्याकडे दर सहलीआधी एकच भांडण. नवरा म्हणतो, खोली फक्त झोपायला लागते, मिळेल ती घे. मी म्हणते, मला सकाळी उठल्यावर छान वाटलं पाहिजे. कोण बरोबर?
— तीच ती

दोघंही एकच गोष्ट मागताय, त्यांना अजून कुणी सांगितलं नाही इतकंच. झोपायला खोली हवी म्हणजे चांगली गादी, काळोख आणि शांतता हवी, आणि या तीन गोष्टी 'मिळेल त्या' खोलीत सहसा नसतात. गादीचं आणि शांततेचं खातं त्यांच्याकडे द्या. शोधू देत त्यांना.

तुमच्या सकाळसाठी खिडकी आणि दिवे बघा. खिडकी पूर्वेला असेल तर सुटीतही सूर्य लवकर उठवणार, तेव्हा पडदे जाड हवेत. दिवे पिवळसर हवेत, २७०० केल्विनच्या आसपासचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). ४००० च्या पांढऱ्या उजेडात बाथरूमच्या आरशासमोर कुणीही आजारी दिसतं. सेझार रिट्झ या हॉटेलवाल्यानं १८९८ साली पॅरिसमधलं आपलं हॉटेल उघडलं तेव्हा खोल्यांना जोडून न्हाणीघरं आणि विजेचे दिवे दिले, ही त्या काळी मोठी चैन होती. पण दिव्यांच्या टोपीचा रंग ठरवायला त्यानं म्हणे बायकोला, मारीला, तासन् तास दिव्याखाली बसवून एकेक रंग तिच्या चेहऱ्यावर पारखला, आणि शेवटी जर्दाळूसारखी गुलाबी छटा पक्की केली. पुढच्या भांडणात हा किस्सा नवऱ्याला सांगून बघा. आणि तरी ते म्हणाले की मिळेल ती घे, तर एकदा खरंच मिळेल ती घ्या, लिफ्टशेजारची, आणि भिंतीकडची बाजू त्यांना द्या.